तगरचं कापड

इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधल्या कुणा ग्रीक बोलणाऱ्या व्यापाऱ्यानं बंदरांची एक वही लिहून ठेवली. ‘पेरिप्लस’ या नावानं ती ओळखली जाते. कुठल्या बंदरात कोणता माल खपतो, कुठं काय स्वस्त मिळतं, खाडीत शिरताना गलबत कुठं रुततं, असा सगळा रोकडा मामला. त्यात भडोचविषयी सांगता सांगता हा गृहस्थ मध्येच दख्खनेत वळतो. भडोचहून दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण, तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर नावाचं फार मोठं शहर. पैठणहून अकीकासारखे दगड येतात. तगरहून येतं पुष्कळसं साधं कापड आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल. आणि हा सगळा माल धड रस्ता नसलेल्या मुलखातून गाड्यांवर लादून भडोचला उतरतो.

माझे आजोबा सोलापूरच्या एका गिरणीत साचेखात्यात होते, त्यामुळे ‘साधं कापड’ म्हटलं की माझे कान टवकारतात. भारी कापडाची नोंद सगळेच ठेवतात. पैठणीवर लेख येतात, प्रदर्शनं भरतात, लग्नात तिच्या किमतीची कुजबुज होते. मांजरपाट, पंचा, धोतराचं पान, पोराच्या लंगोटाचं कापड यांची नोंद कोण ठेवतो? आणि इथं दोन हजार वर्षांपूर्वीचा एक परदेशी माणूस चोख लिहून जातो की तगरहून साधं कापड पुष्कळ येतं. मला तगर बघायचं होतं ते एवढ्यासाठी.

तगर म्हणजे आजचं नेमकं कुठलं गाव, यावर एकोणिसाव्या शतकात विद्वानांनी बराच खल केला. कुणी देवगिरीकडे बोट दाखवलं, पंडित भगवानलाल इंद्रजींनी जुन्नर सुचवलं, रा. गो. भांडारकरांचा कल धारूरकडे होता. १९०१ मध्ये जॉन फ्लीट यांनी धाराशिव जिल्ह्यातलं, तेरणा नदीकाठचं तेर हेच तगर असं मांडलं आणि त्याच सुमारास पुरातत्त्व खात्याचे हेन्री कझेन्स प्रत्यक्ष गावात येऊन सगळं पाहून गेले. गंमत अशी की मधल्या काळात हे नाव तसं कधी हरवलं नव्हतंच. चालुक्य दुसऱ्या पुलकेशीच्या एका ताम्रपटात दान घेणारा ब्राह्मण तगरचा राहणारा आहे. पुढे शिलाहार राजे उत्तर कोकणात आणि कोल्हापुरात राज्य करत होते, तरी बिरुद मिरवत होते ‘तगरपुरवराधीश्वर’. गाव सुटलं तरी आडनावात गाव वागवायची आपली खोड राजांनाही होती म्हणायची.

वहीवाल्याची दिशा थोडी चुकली आहे. पैठणहून तेर पूर्वेला नाही, आग्नेयेला आहे, सरळ रेषेत साधारण दीडशे किलोमीटर. दहा दिवस म्हणजे दिवसाला पंधरा-सोळा किलोमीटर. काळ्या मातीची वाट, गाडीत कापडाचे गठ्ठे, मध्ये बालाघाटाचा उतार, बैलांना वैरण-पाणी, म्हणजे यापेक्षा जास्त चाल निघणार नाही. तो स्वतः कधी इतका आत आला असेल असं वाटत नाही. भडोचच्या धक्क्यावर कुणा गाडीवानाच्या तोंडून त्यानं हे ऐकलं असणार, आणि गाडीवानाला दिशा विचारून काय उपयोग? तो वाट दिवसांतच मोजतो.

माझी आत्या ढोकीला असते. तेर तिथून अगदी जवळ, इतकं की गोरोबाकाकांचं गाव म्हणून जुनी माणसं ‘तेरढोकी’ असं एका दमात म्हणतात. ढोकीच्या लोकांची एरवीची ओळख साखर कारखान्याची. लग्नानंतरचं आत्याचं सगळं आयुष्य तिथंच गेलं. गोरोबांच्या यात्रेला ती चैत्रात न चुकता जाते, पण तेरच्या संग्रहालयात तिनं कधी पाऊल टाकलं नव्हतं.

“काय हाय तिथं?” तिनं विचारलं.

“जुन्या वस्तू. खापरं, मणी, मूर्ती.”

“खापरं बघायला सोलापूरहून आलीस?” ती म्हणाली. “चल. पर आधी काकाचं दर्शन घ्यायचं, मग तुझी खापरं.”

गोरोबांची समाधी नदीकाठी आहे, काळेश्वराच्या देवळाला लागून. शके १२३९, म्हणजे १३१७ साली, चैत्र वद्य त्रयोदशीला त्यांनी देह ठेवला असं मानतात, आणि यात्रा त्याच दिवसांत भरते. आम्ही गेलो तेव्हा यात्रा नव्हती. दोन-चार माळकरी आणि ओसरीवर पेंगणारा एक म्हातारा. आत्यानं डोकं टेकलं, खडीसाखर ठेवली आणि खांबाला टेकून बसली. मला वाटलं ती नामस्मरण करते आहे. थोड्या वेळानं म्हणाली, “मला ती लेकराची गोष्ट कधीच ऐकवत न्हाई बघ. कीर्तनात आली की मी उठून पाणी प्यायला जाते.”

चिखल तुडवताना विठ्ठलाच्या नादात रांगतं मूल पायाखाली आलं, ही ती गोष्ट. महाराष्ट्रात कुणाला सांगावी लागत नाही. पुढे पांडुरंगाच्या कृपेनं मूल परत मिळतं, तरी आत्या तोवर थांबत नाही. तिचं म्हणणं, बाई पाणी आणायला गेली होती, पोराकडे बघा म्हणून सांगून गेली होती, आणि परत आल्यावर तिनं काय बघितलं ते कीर्तनकार दोन वाक्यांत उरकतात. देवाचा चमत्कार मात्र अर्धा तास चालतो. मी वारकरी साहित्यावरची पुष्कळ व्याख्यानं ऐकली आहेत, त्यांपैकी एकातही हा मुद्दा आला नाही.

दुसरी गोष्ट मात्र तिच्या आवडीची. संतमंडळी गोरोबांच्या घरी जमली आहेत, मुक्ताबाईनं थापटणं बघून हे काय म्हणून विचारलं, काका म्हणाले याच्यानं मडकं कच्चं की पक्कं ते कळतं. मग एकेकाच्या डोक्यावर थापटणं. सगळे गप्प, नामदेव तेवढे चिडले, आणि काकांनी निकाल दिला की हे मडकं कच्चं. नामदेवांना गुरू शोधायला औंढ्याला विसोबा खेचरांकडे धाडणारी गोष्ट ती हीच. पंढरपूरच्या देवाशी रोज बोलणाऱ्या माणसाला तेरच्या कुंभारानं नापास केलं, याचा तेरला अजून अभिमान आहे. असायलाच हवा.

मधल्या वाटेत त्रिविक्रमाचं देऊळ लागतं. खरं तर याच्यावर वेगळं लिहायला पाहिजे. बाहेरून बघितलं तर मागचा भाग अर्धगोल, वर गजपृष्ठासारखं छप्पर, म्हणजे कार्ल्याचं किंवा भाज्याचं चैत्यगृह डोंगरातून सोडवून आणून गावात उभं केलंय असं वाटावं. आणि सगळं विटांचं. या घडणीची इतकी जुनी आणि अजून उभी असलेली विटांची वास्तू भारतात क्वचितच दिसते. आंध्रातल्या चेझर्ल्याचं कपोतेश्वर हे दुसरं नाव लगेच आठवतं. मुळात हा बौद्ध चैत्य असावा असं कझेन्सचं मत होतं, नंतरच्या अभ्यासकांमध्ये त्यावर दुमत आहे. आज आत पाय उचललेला त्रिविक्रम आहे आणि पायाशी बळी. आत्यानं बळीराजाला वेगळा नमस्कार केला. शेतकऱ्याच्या घरातली बाई आहे, ती वामनाच्या बाजूनं कशी असेल?

विटांचा मुद्दा मात्र माझ्या डोक्यात राहिला. चोहीकडे काळा दगड पडलेला असताना या गावानं देवळं विटांची बांधली. उत्तरेश्वराचं देऊळही विटांचंच, आणि त्याची कोरीव लाकडी चौकट हे तेरचं आणखी एक नवल. नदीकाठची माती, ती मळणारे हात आणि आव्याची विद्या या गावात गोरोबांच्या आधी हजारभर वर्षं तरी मुरलेली होती. थापटण्याची गोष्ट तेरमध्येच घडावी, यात नवल नाही.

मग संग्रहालय. याचं पूर्ण नाव रामलिंगप्पा लामतुरे शासकीय पुराणवस्तू संग्रहालय. रामलिंगप्पा लामतुरे हे तेरचेच. गावाच्या भोवतीची पांढरीची टेकाडं म्हणजे जुनं तगर. पावसाळ्यात त्यांवरून पाणी वाहून गेलं की मातीतून मणी, नाणी, खापराचे तुकडे वर येतात. शेत नांगरताना निघतात, पाया खणताना निघतात. गावाला त्याचं अप्रूप नव्हतं. आपल्याकडे कुठल्याही जुन्या गावात असं निघतं आणि पोरं त्याच्याशी खेळून फेकून देतात. लामतुऱ्यांनी ते वर्षानुवर्षं जमवलं, जपलं आणि त्यातून हजारो वस्तूंचा संग्रह उभा राहिला. पुढे तो राज्य शासनाच्या पुरातत्त्व खात्याकडे आला आणि गावातच राहिला.

याला एक दुसरी बाजू आहे, आणि पुरातत्त्ववाले ती तुम्हाला पहिल्या दोन मिनिटांत सांगतील. टेकाडावरून उचललेला मणी म्हणजे पान फाटलेल्या पोथीतला सुटा शब्द. कुठल्या थरात होता, शेजारी काय होतं, राखेत होता की घराच्या जोत्यात, हे कळलं नाही तर त्याचं वय अंदाजानंच ठरवावं लागतं. १९५८ मध्ये चापेकरांनी तेरला शास्त्रशुद्ध उत्खनन केलं, नंतरही इथं खोदकामं झाली, आणि सातवाहन काळाचा सांगाडा त्यातूनच पक्का झाला. हे सगळं मान्य. पण खोदणारे येईपर्यंत पाऊस थांबत नाही, नांगर थांबत नाही आणि जुन्या वस्तूंचे दलाल तर मुळीच थांबत नाहीत. गावात राहून, रोज जाता-येता नजर जमिनीकडे ठेवणारा माणूस नसता तर या वस्तू योग्य थरातून निघाल्या असत्या असं नाही. त्या निघाल्याच नसत्या, किंवा निघून कुठल्या तरी दिवाणखान्यात गेल्या असत्या. मी लामतुऱ्यांच्या बाजूची आहे.

आत्या कपाटांपुढून माझ्यापेक्षा हळू चालत होती. मी पाट्या वाचत होते, ती वस्तू बघत होती. सातवाहनकालीन भांडी, तांबूस चकाकीची भांडी, हे माझं चाललेलं. तिचं वेगळं. “ही तूप ठेवायची. ही दिवा. हिची कड बघ कशी बाहेर वळवलीय, म्हंजे झाकणी बसत असणार. हे शिंक्यात टांगायचं, बूड बघ, जमिनीवर उभंच राहायचं न्हाई.” तिला काळ विचारायचा नव्हता, भांडं कशाचं ते बघायचं होतं, आणि ते तिला पाटीशिवाय कळत होतं. एका काचेमागं भाजक्या मातीचे खरबरीत, चौकोनी-लांबट तुकडे होते. मी पुढे निघाले तर तिनं दंड धरून मागं ओढलं.

“ही वज्री हाय.”

पायाच्या टाचा घासायची वज्री. अशा खरबरीत घासण्या सातवाहनांच्या पुष्कळ गावांत सापडल्या आहेत. मी हे पुस्तकात वाचलं होतं आणि पुस्तकात ते कोरडं वाटलं होतं. आत्यानं पायातली चप्पल काढून आपली टाच बघितली आणि म्हणाली, “चिखलात राबणाऱ्याला भेगा पडतातच की. तवाबी पडत असतील.”

पांढऱ्या केओलिन मातीच्या मूर्ती हे तेरचं खास वैभव. दोन साच्यांत पुढची आणि मागची बाजू वेगवेगळी ठसवायची आणि मग दोन्ही जोडायच्या, म्हणजे मूर्ती आतून पोकळ आणि हलकी. या दोन साच्यांच्या रीतीचा संबंध अभ्यासक रोमन जगाशी असलेल्या व्यापाराशी जोडतात. माल जातो तसा हुन्नरही येतो. बायकांचे चेहरे इतके नीट की केसांचा भांग, कपाळावरचा दागिना, कानातल्या जड कुड्या मोजून घ्याव्यात. आत्याला त्या पोरींच्या वेण्या फार आवडल्या.

आणि मातीच्या त्या गोल चकत्या. रोमन नाण्याचा ठसा मातीत उठवायचा, वर दोरा ओवायला भोक ठेवायचं आणि गळ्यात घालायचं. अशी लटकनं तेरसारख्या दख्खनेतल्या बऱ्याच व्यापारी गावांत मिळाली आहेत. सम्राट टायबेरियसचा मुखवटा असलेलं सोन्याचं नाणं परवडणाऱ्यांच्या गळ्यात नाणं, बाकीच्यांच्या गळ्यात माती. मी हे सांगितलं तेव्हा आत्या एवढ्या मोठ्यानं हसली की पलीकडच्या दालनातल्या शाळेच्या पोरांनी वळून बघितलं.

“म्हंजे खोट्या पुतळ्या!”

पुतळ्यांची माळ तिच्या सासूकडे होती, खरी, सोन्याची. ती जमिनीच्या वाटणीच्या भांडणात मोडली. त्यानंतर आत्यानं लग्नाकार्यात घातली ती एक ग्रॅमवाली. मातीची पुतळी घालणाऱ्या त्या तगरच्या बाईशी तिचं एका क्षणात जमलं. ती अर्धा कोस चालत समारंभाला गेली असेल, गळ्यातलं नाणं रोमन राजाचं आहे हे तिला ठाऊक असायचं कारण नाही, आणि ठाऊक असतं तरी फरक पडला नसता. चारचौघींत उठून दिसलं म्हणजे झालं.

सगळ्यांत गाजलेली वस्तू म्हणजे हस्तिदंताची स्त्रीमूर्ती. लहानशीच, पण घडण अप्रतिम. अशीच एक वीतभर भारतीय हस्तिदंती मूर्ती १९३८ मध्ये इटलीतल्या पॉम्पेईच्या राखेत सापडली. ज्वालामुखीनं ते शहर सन ७९ मध्ये गाडलं, त्याअर्थी ती त्याच्या आधी तिकडे पोचलेली होती. आज ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे. ती नेमकी कुठल्या गावात घडली यावर वाद आहे, पण तिच्या बहिणी शोधायच्या तर अभ्यासक भोकरदनला आणि तेरला येतात, कारण तिच्या तोंडवळ्याच्या मूर्ती या दोन ठिकाणी मिळाल्या. आरशाची मूठ असावी असा एक तर्क आहे. जालना आणि धाराशिव जिल्ह्यांतली दोन गावं आणि पॉम्पेई, हा त्रिकोण नकाशावर काढून बघितला की जरा चक्रावायला होतं.

आत्या बराच वेळ त्या मूर्तीकडे बघत राहिली. मी तिला पॉम्पेई, ज्वालामुखी, सगळं सांगितलं. मग ते पेरिप्लसचंही सांगितलं, की या गावाचं नाव जगात कापडासाठी होतं, इथून गाड्या भरभरून कापड आणि मलमल जायची.

“कापडाच्या गावची बाई,” आत्या म्हणाली, “अन् अंगावर चिंधी न्हाई.”

खरंच नाही. कमरपट्टा आहे, कडी आहेत, गळ्यात भरगच्च काही आहे, कापड जवळजवळ नाहीच. मी सावरायचा प्रयत्न केला की त्या काळचे कलाकार तलम वस्त्र एखाद्या रेघेनंच दाखवत, मलमल इतकी पातळ की दिसायचीच नाही. आत्यानं माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं जशी ती दुकानदाराकडे बघते. पण प्रश्न तिनं बरोबर टाकला होता, आणि त्यानंतर मी पुन्हा पहिल्या कपाटापासून फिरले, फक्त कापड शोधत.

एक धागा नाही. असणारही नाही. दख्खनेच्या पावसात, काळ्या मातीत सुताचं कापड किती वर्षं टिकणार? इजिप्तच्या कोरड्या वाळूत तांबड्या समुद्राच्या बंदरांवर जुन्या भारतीय सुती कापडाचे तुकडे मिळाले आहेत. म्हणजे आपल्या कापडाचा पुरावा बघायचा तर वाळवंटात जायचं. जिथं ते विणलं गेलं तिथं मागं राहिलं ते सगळं न कुजणारं. खापर, शंखाच्या बांगड्या, काचेचे नि अकीकाचे मणी, शिशाची नाणी, हाड, दात. कपाटातलं तगर बघून कुणाला वाटावं की हे कुंभारांचं आणि मणेरांचं गाव होतं. ज्याच्यावर गाव जगलं, ज्याच्यासाठी दहा दिवसांची गाडीवाट झिजली, ते तेवढं तिथं नाही.

माझ्या घरातही असंच आहे. आजोबांनी गिरणीत आयुष्यभर जे विणलं त्यातलं वीतभर कापड आमच्याकडे नाही. त्यांचा पितळी बिल्ला आहे, नंबर कोरलेला. तो वडिलांनी कपाटाच्या कप्प्यात ठेवलाय. त्यांचा जेवणाचा डबा आहे, एका बाजूनं चेपलेला. सवलतीत मिळालेलं कापड घरात येत असे, याची आत्याला नीट आठवण आहे. त्याचे परकर शिवले, परकर फाटले की त्याच्या उशीच्या खोळी झाल्या, खोळी विरल्या की गोधडीत गेल्या. गोधडीचा चांगला भाग काढून बाळंतिणीला दिला, उरलं ते पोतेरं झालं, आणि अगदी मऊ चिंध्यांच्या वाती वळल्या. शेवटी ते समईत जळलं. गरिबाच्या घरात कापड फेकलं जात नाही, म्हणून ते मागं राहत नाही. तगरच्या घरांतही साध्या कापडाची गत यापेक्षा वेगळी झाली असेल असं मला वाटत नाही. भडोचला जे गेलं त्याची निदान एका ओळीची नोंद झाली. गावात जे नेसलं गेलं त्याची तीही नाही.

सोलापूरच्या गिरण्या तर माझ्या डोळ्यांदेखत गेल्या. भोंगे बंद झाले, यंत्रं भंगारात गेली, आवारात झाडं वाढली. तिथं उद्या कुणी खणलं तर काय मिळेल? पितळी बिल्ले मिळतील, चहाच्या कपाचे कान मिळतील, विटा मिळतील. आणि एखादा अभ्यासक लिहील की येथील लोक चहा पुष्कळ पीत.

शाळेची पोरं एव्हाना आमच्या दालनात आली होती. जवळच्याच कुठल्या तरी शाळेची असावीत. गुरुजी एकेका कपाटापुढं उभं करून सांगत होते आणि पोरं निम्मं ऐकत होती. एक मुलगा मात्र मण्यांच्या कपाटाला नाक लावून उभा. शेजारच्या पोराला म्हणाला, “असला एक माझ्याकडे हाय. रानात घावला.” गुरुजींनी ऐकलं, थबकले आणि रागावण्याऐवजी म्हणाले, “मग उद्या घेऊन ये, बघू.” मुंबईच्या किंवा पुण्याच्या संग्रहालयात हे घडलं नसतं. तिथं वस्तूंना वातानुकूलन मिळालं असतं, परदेशी पाहुणे मिळाले असते, जाड पुस्तकात चकचकीत फोटो मिळाले असते, आणि ते वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण त्या काचेपुढं उभं राहून ‘माझ्या रानात घावला’ म्हणणारं पोरगं मिळालं नसतं. हस्तिदंती मूर्ती तेरलाच असावी असं मला वाटतं ते या पोरापायी. मणी त्यानं दुसऱ्या दिवशी आणला का, ते मला कळायचा मार्ग नाही. मी असते तर आणला नसता.

बाहेर पडताना टेबलावर अभिप्रायाची वही होती. माझ्या आधीच्या पानांवर नेहमीचं: ‘खूप छान माहिती मिळाली’, ‘अप्रतिम संग्रह’, ‘प्रत्येकानं भेट द्यावी’. मी पेन उचललं तर आत्यानं हात धरला.

“मी सांगते, तू लिही.”

तिथल्या कर्मचाऱ्यानं तिला खुर्ची दिली. ती बसली, पदर सारखा केला आणि अर्ज सांगतात तसं सांगायला लागली. “सगळं लई चांगलं ठेवलंय. मणी चांगलेत. वज्री बघितली. मातीच्या पुतळ्या बघितल्या. पर हे कापडाचं गाव हुतं म्हणतात, तर एक कापड ठेवा. जुनं न्हाई मिळालं तर नवं ठेवा, हातमागाचं, साधं. अन् खाली लिहा की असलं हितनं जात हुतं.”

मी लिहिलं. कर्मचारी वाकून वाचत होता. “मावशी, कल्पना वाईट नाही,” तो म्हणाला.

“वाईट कशाला असंल?” आत्या म्हणाली आणि माझ्याकडे वळली. “नाव लिही माझं. गाव ढोकी. अन् कंसात लिही, माहेर सोलापूर.”